पहिल्यांदाच जंगलातल्या केबिनमधे राहायला जाताय? मग निघायच्या आधी एवढं बघून घ्या

तंबूत झोपायची हौस नाही पण हॉटेलातपण जायचं नाहीये, अशा लोकांसाठी केबिन हा एकदम मस्त प्रकार आहे. डोक्यावर पक्कं छप्पर, दाराला कडी, रात्री पाऊस आला तर उठून दोऱ्या ताणत बसायला नको. फक्त नवीन मंडळींचा घोळ होतो तो इथेच, केबिन म्हटलं की फोटोतली दिव्यांची माळ आणि खिडकीतलं धुकं डोळ्यासमोर येतं आणि मग तयारी होते हॉटेलची, म्हणजे कपडे भरले की झालं. तिथे गेल्यावर कळतं की गाद्या नाहीत, नळ दोनशे पावलांवर आहे आणि लाइट नावाचा प्रकारच नाही. म्हणून माझी पद्धत अशी आहे की तिथे काय काय *नाहीये* त्याची यादी सगळ्यात आधी करायची, सामानाची यादी त्यातूनच निघते.

१. केबिन नक्की कसली आहे ते आधी कळू द्या

ढोबळमानाने तीन प्रकार असतात. एक अगदी साधी, चार भिंती, लाकडी बंक, नशीब असेल तर एक टेबल, बास. दुसरी मधली, आत लाइट आणि हीटर असतो पण टॉयलेट आणि पाणी बाहेर, सगळ्यांना मिळून एक. आणि तिसरी म्हणजे किचन बाथरूम सकट पूर्ण घरच. लिस्टिंगवर तिन्हींना केबिनच म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. "रस्टिक", "बेसिक", "ऑफ-ग्रिड" असे शब्द दिसले की समजायचं की बरंच काही आपल्यालाच न्यायचंय.

बुकिंग करायच्या आधी फोन करून किंवा मेसेज टाकून सरळ विचारा: पिण्याचं पाणी आत आहे का बाहेर, आणि थंडीत ते बंद करतात का (पाइप गोठून फुटू नयेत म्हणून खूप ठिकाणी हिवाळ्यात मेन व्हॉल्व्हच बंद असतो, हे लिस्टिंगवर कुठेतरी तळाला बारीक अक्षरात असतं). टॉयलेट फ्लशवालं का खड्ड्याचं. गाद्या, उशा, भांडी आहेत का. उष्णता कशाने मिळते, लाकडाचा स्टोव्ह असेल तर लाकूड ते देतात का विकत घ्यायचं. आत स्वयंपाक चालतो का, कारण साध्या केबिनमधे बऱ्याचदा आत शिजवायला बंदीच असते. गाडी दारापर्यंत जाते का पुढे सामान उचलून चालायचंय. कचरा टाकायची सोय आहे का परत न्यायचा. फोनला रेंज येते का. एवढं विचारायला दहा मिनिटं लागतात आणि उत्तरं नीट आली नाहीत तर मी ती केबिन सोडून देते, कारण ज्यांना आत्ता उत्तर द्यायला वेळ नाही ते रात्री कुलूप उघडलं नाही तर काय फोन उचलणार.

अजून एक, "८ जण झोपू शकतात" असं लिहिलेलं असतं ना, ते बेड मोजून बघा. त्यात डबल बेडवरचे दोन, सोफ्यावरचा एक आणि माळ्यावरचे दोन तीन धरलेले असतात. माळ्यावर शिडीने चढावं लागतं, म्हणजे लहान मुलं आणि गुडघे दुखणारी माणसं आपोआप बाद, आणि खाली स्टोव्ह पेटला की गरम हवा सगळी वर जाते त्यामुळे माळ्यावरचा माणूस घामाघूम आणि खालचा कुडकुडतोय असा प्रकार होतो. लिहिलेल्या आकड्यातून दोन वजा करा, आरामात राहता येतं.

२. तारखा

सुट्टीच्या दिवसात चांगल्या जागा काही महिने आधीच भरतात, जमत असेल तर आठवड्याच्या मधले दिवस घ्या, शांतताही मिळते. निदान दोन रात्री तरी ठेवा, एका रात्रीची ट्रिप म्हणजे पोचायचं, सामान लावायचं, झोपायचं, सामान काढायचं. कोरड्या हंगामात जंगलात आगीवर बंदी असते, तेव्हा बाहेर शेकोटी पेटवता येत नाही आणि कधीकधी कोळशाची शेगडीसुद्धा चालत नाही, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी त्या भागाच्या वनखात्याची सूचना बघायचीच.

हवामानाचा अंदाज बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा, तो बहुतेक वेळा पायथ्याच्या गावाचा असतो. दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सियसने उतरतं. म्हणजे खाली रात्री १२ अंश दाखवतायत आणि केबिन १००० मीटर वर आहे तर तिथे ५-६ अंश धरून चाला.

३. पोचायचं कसं, आणि उजेडातच का

मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, कुलपाचा कोड आणि मालकाचा नंबर कागदावर लिहून घ्या. हे सगळे सांगतात तरी लोक करत नाहीत आणि मग शेवटच्या फाट्यावर रेंज गेली की गाडी उभी करून फोन हवेत धरून उभे राहतात. शेवटचा पेट्रोल पंप कुठे आहे ते आधी बघा आणि तिथे टाकी फुल करा. शेवटचा टप्पा कच्चा असेल तर तुमची गाडी तिथे जाते का हेही विचारून ठेवा.

सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचायचं असा हिशोब ठेवा. दाट झाडीत अंधार लवकर पडतो, आणि पहिल्या संध्याकाळी कामं खूप असतात, पाण्याची जागा शोधा, टॉयलेटची वाट बघून ठेवा, स्टोव्ह कसा चालतो ते समजून घ्या, लाकूड आत आणा. हे सगळं टॉर्चच्या उजेडात करणं म्हणजे वैताग. आणि केबिनच्या वर एखादं वाळलेलं झाड किंवा अर्धवट मोडून लटकलेली फांदी नाही ना हेसुद्धा दिवसाच दिसतं. असेल तर गाडी त्याच्याखाली लावू नका, खुर्च्याही तिथे मांडू नका, अशा फांद्या वारा नसतानासुद्धा पडतात.

घरच्या एका माणसाला लिहून द्या: कुठली केबिन, कुठली गाडी, कोण कोण आहे, कधी परत येणार आणि किती वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर कोणाला फोन करायचा. इमर्जन्सी नंबर त्या भागाचा कुठला आहे तो बघा. ११२ बऱ्याच देशांत चालतो, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नेटवर्क असेल तर फोन त्यावरून लागू शकतो, पण कुठलंच नेटवर्क नसेल तर नाही लागत. म्हणून जाताना रस्त्यात शेवटची रेंज कुठे होती ते ठिकाण लक्षात ठेवून घ्या.

४. पाणी

माणशी रोज ४ लिटर, पिणं आणि स्वयंपाक धरून. चार जण तीन दिवस म्हणजे ४८ लिटर, आणि हातपाय भांडी धुवायचं वेगळं. गाडी दारापर्यंत जात असेल तर सरळ कॅन भरून न्या, ओढ्याच्या भरवशावर राहू नका. त्यातल्या काही बाटल्या घरीच फ्रीझरमधे गोठवा (पूर्ण भरू नका, फुटतील), त्या कूलरमधे, म्हणजे खाणं गार ठेवायच्या पेटीत, बर्फाचं काम करतात आणि वितळल्या की प्यायला होतात.

ओढ्याचं पाणी वापरायचंच असेल तर कितीही काचेसारखं दिसलं तरी उकळा. खळाखळा उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं. गढूळ असेल तर आधी थोडा वेळ ठेवून गाळ बसू द्या, मग कपड्यातून गाळून उकळा. हायकिंगचे फिल्टर बॅक्टेरिया अडवतात पण साधे फिल्टर व्हायरस अडवत नाहीत, आणि क्लोरीनच्या गोळ्यांना काही परजीवी दाद देत नाहीत, त्यामुळे इंधन आहे तोवर मी तरी उकळण्यावरच विश्वास ठेवते.

५. झोपायचं सामान

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट (एवढ्या थंडीपर्यंत आरामात झोप लागते) आणि लिमिट (एवढ्या थंडीत कशीबशी रात्र निघते). दुकानवाले मोठ्या अक्षरात बरेचदा लिमिट दाखवतात. आपण बघायचा तो कम्फर्टचा. लाकडी बंकवर गादी नसेल तर खाली मॅट पाहिजेच, थंडी खालूनच जास्त लागते. कानटोपी, झोपायचे वेगळे कोरडे मोजे, आणि दिवसभर घातलेले कॉटनचे कपडे रात्री बदला कारण घामाने ओलं झालेलं कॉटन वाळता वाळत नाही. हेडलॅम्प प्रत्येकाला एक, मोबाईलच्या टॉर्चवर भागवू नका, एका हातात फोन धरून लाकडं आणता येत नाहीत. पॉवरबँक थंडीत लवकर उतरते, रात्री स्लीपिंग बॅगमधे घेऊन झोपा.

६. स्टोव्ह आणि आग, इथे जरा सावकाश वाचा

लाकडाचा स्टोव्ह पहिल्यांदा पेटवताना बरेच लोक खोलीभर धूर करतात आणि मग दोष लाकडाला देतात. खरं कारण बहुतेक वेळा असतं थंड धुराडं. रात्रभर गार पडलेल्या चिमणीत जड थंड हवा बसलेली असते, ती धुराला वर जाऊ देत नाही.

तर क्रम असा. आधी डँपर, म्हणजे धुराड्यातली झडप, पूर्ण उघडा, आणि खालचा हवेचा झरोकाही पूर्ण उघडा. एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. मग वर्तमानपत्राचा एक पीळ करा, पेटवा आणि धुराड्याच्या तोंडाशी धरा, अर्ध्या मिनिटात ज्योत वरच्या बाजूला खेचली जायला लागते आणि बारीक घोंघों आवाज येतो, म्हणजे ओढ सुरू झाली. आता कागद, त्यावर पेन्सिलीएवढ्या काटक्या, त्यावर अंगठ्याएवढ्या, आणि त्या नीट पेटल्यावरच मनगटाएवढं लाकूड. मोठा ओंडका पहिल्या पंधरा मिनिटांत टाकायचाच नाही. स्टोव्हचं दार उघडताना आधी इंचभर उघडून थांबा, मग पूर्ण, एकदम उघडलं की धूर तोंडावर येतो. आग नीट धरली की खालचा झरोका थोडा थोडा कमी करत आणा, पण रात्री लाकूड पुरावं म्हणून सगळंच बंद करून झोपू नका, धुमसणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त निघतो आणि चिमणीत काजळी धरते ते वेगळंच.

लाकूड कोरडं आहे का ते कसं ओळखायचं? दोन तुकडे एकमेकांवर आपटा. कोरडं असेल तर खणकन वाजतं, ओलं असेल तर थप्प. टोकांना चिरा गेलेल्या असतात. जळायला चांगलं लाकूड म्हणजे ओलावा २० टक्क्यांच्या खाली. आणि घरून लांबून लाकूड नेऊ नका, त्यात लपलेले किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या हिरव्या भुंग्याने उत्तर अमेरिकेत कोट्यवधी अ‍ॅश झाडं मारली आणि तो पसरायला जळाऊ लाकडाची ने-आण बरीच कारणीभूत ठरली. तिथलंच विकत घ्या.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल अजून थोडं. त्याला वास नसतो, रंग नसतो. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, बाहेर वापरायचा गॅस स्टोव्ह, यातलं काहीही ऊब मिळावी म्हणून केबिनच्या आत आणायचं नाही, खिडकी उघडी ठेवली तरी नाही. विझत आलेले निखारेसुद्धा नाही, ते उलट जास्त धोक्याचे. जनरेटर असेल तर दार खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब. हा वायू ओळखणारा बॅटरीवरचा एक छोटा अलार्म मिळतो, तो सोबत न्या आणि घरीच बटण दाबून वाजतोय का बघा. सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर जेवण बाधलं असेल वगैरे चर्चा करत बसू नका, आधी सगळे बाहेर या.

राख काढायची ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली बाहेर मातीवर किंवा दगडावर, लाकडी व्हरांड्यात नाही. वरून गार वाटणाऱ्या राखेत निखारा दिवस दिवस टिकतो. बाहेरची शेकोटी विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, आणि शेवटी हाताची उलटी बाजू जवळ नेऊन बघा. गरम लागलं म्हणजे विझली नाही.

गॅस कॅनिस्टर नेत असाल तर त्यात काय आहे ते वाचा. नुसता ब्युटेन असेल तर शून्याच्या आसपास थंडीत तो वायूच होत नाही आणि स्टोव्ह पेटत नाही. थंडीसाठी आयसोब्युटेन-प्रोपेन मिक्स घ्या.

७. खाणं, आणि खाण्यामागे येणारे पाहुणे

पहिल्या रात्रीचं जेवण घरून करून न्या, फक्त गरम करायचं. बाकी सगळं एका भांड्यात होईल असं ठेवा आणि चिराचिरी घरीच उरकून डब्यात भरा, कारण तिथे कचरा कमी झाला तर परत आणायचाही कमीच असतो. तेल, मीठ, काडेपेटी (प्लास्टिकच्या पिशवीत), ओपनर, भांडी पुसायचं फडकं, चाकू. ओपनर दरवेळी कोणीतरी विसरतंच.

अस्वलं असलेल्या जंगलात खाणं कुठे ठेवायचं याचे नियम जागेप्रमाणे वेगळे आहेत, कुठे केबिनच्या आत, कुठे लोखंडी पेटीत, आणि काही ठिकाणी गाडीत ठेवायला सक्त मनाई, कारण अस्वल दार फाडून आत शिरतं. तिथे पाटीवर काय लिहिलंय तेच करायचं. टूथपेस्ट, साबण, लिपबाम हेही त्यांच्या लेखी खाणंच, तेही खाण्यासोबतच ठेवायचं.

पण खरा त्रास अस्वलांचा नसतो, उंदरांचा असतो. बरेच दिवस बंद असलेल्या केबिनमधे शिरल्यावर कोपऱ्यात, बंकखाली, ड्रॉवरमधे काळे बारीक दाणे दिसतायत का बघा. दिसले तर लगेच झाडू हातात घेऊ नका. काही भागांत उंदरांच्या विष्ठेतून हंटाव्हायरस नावाचा जीवघेणा ठरू शकणारा विषाणू पसरतो आणि कोरडं झाडलं की ती धूळ नाकात जाते. दार खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, मग हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण त्यावर शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या आणि टिशूने उचलून पिशवीत बांधा. खूपच घाण असेल तर मालकाला फोन करा, पैसे भरलेत आपण.

८. टॉयलेट

खड्ड्याचं टॉयलेट असेल तर त्यात वाइप्स आणि पॅड टाकायचे नाहीत, आणि टिशू आपलाच न्यायचा. टॉयलेटच नसेल आणि परवानगी असेल तर पाण्यापासून, वाटेपासून आणि केबिनपासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा, नंतर बुजवायचा, कागद पिशवीत परत. रात्रीच्या वाटेवर चढउतार असेल तर दिवसा एकदा चालून बघा.

९. फिरायला जाताना

केबिनपासून "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघालेलेच जास्त हरवतात, कारण लांब जायचं असतं तेव्हा माणूस तयारीने जातो. दोन वळणांनंतर सगळी झाडं सारखी दिसतात. कितीही छोटी फेरी असली तरी शिट्टी, पाणी, हेडलॅम्प आणि एक जास्तीचा गरम कपडा घ्या. वाट चुकली असं वाटलं तर चालत राहू नका, थांबा, आणि शिट्टीचे तीन तीन ठोके द्या, तीन म्हणजे मदत पाहिजे. लहान मुलांच्या गळ्यात शिट्टी बांधून "हरवलास तर झाडाला मिठी मारून तिथेच थांब" एवढंच शिकवा.

गवतातून झुडपांतून जाणार असाल तर फुल पँट, ती मोज्यात खोचलेली, फिक्या रंगाची म्हणजे गोचीड दिसते. परत आल्यावर काखा, कानामागे, गुडघ्यामागे, बेंबी, केसांची मुळं तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका, काडी लावून जाळू नका.

१०. निघायचा दिवस

चेकआउटच्या दोन तास आधी आवरायला लागा. स्टोव्ह आदल्या रात्रीनंतर पेटवू नका म्हणजे सकाळी गार असतो. खाण्याचा एक कणसुद्धा मागे ठेवायचा नाही, पुढच्या माणसाला उंदीर आपल्यामुळेच मिळतात. आलो तेव्हाचे फोटो काढून ठेवले असतील तर तसंच सगळं लावा, डिपॉझिटच्या वेळी तेच कामाला येतात. पाण्याचा व्हॉल्व्ह, खिडक्या, कुलूप. रेंज आली की घरच्या माणसाला मेसेज, नाहीतर ते बिचारे शोधाशोध सुरू करतील.

घरी पोचल्यावर कपडे आधी ड्रायरमधे फुल हीटवर दहा मिनिटं फिरवा आणि मग धुवा, कोरड्या उष्णतेने लपलेल्या गोचिड्या मरतात, नुसत्या गार पाण्याने मरत नाहीत. पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा अंगावर गोल पसरत जाणारा लाल चट्टा उठला, तर डॉक्टरांना "जंगलात राहून आलोय, गोचीड चावली असेल" हे स्वतःहून सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.